सांताला लाल रंग कोकने दिला म्हणे! आधी तारखा बघा

दर डिसेंबरात फिरणारं एक ढकलपत्र आहे. ग्रुपवर आलं की न वाचता पुसून टाकता येतं, म्हणून आजवर कोणी त्याच्या वाटेला गेलं नाही तरी चालून जात होतं. यंदा भाचीला शाळेच्या नाताळच्या कार्यक्रमात बोलण्यासाठी जो उतारा पाठ करायला दिलाय, तो म्हणजे हेच ढकलपत्र. शेवटचे हात जोडलेले इमोजी तेवढे काढलेत. ताईने तो "एकदा नजर टाक" म्हणून पाठवला. टाकली, आणि तिडीक गेली डोक्यात.

उताऱ्यातले मुद्दे असे. एक, सांताक्लॉज मुळात हिरव्या कपड्यांत असायचा. १९३१ साली कोका-कोला कंपनीने त्याला आपल्या लाल-पांढऱ्या रंगात रंगवला, त्याआधी लाल सांता जगात कुठेच नव्हता. दोन, त्याचा लाल-पांढरा वेश, धुराड्यातून येणं आणि उडते रेनडिअर हे सगळं सैबेरियातल्या शामानांच्या, म्हणजे तिथल्या देवऋषींच्या, लाल-पांढऱ्या अळंबीतून आलं. तीन, आठ रेनडिअर म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या ओडिन देवाचा आठ पायांचा घोडा.

पहिला मुद्दा खरा असेल तर लाल रंग १९३१ साली एका जाहिरात चित्रकाराच्या ब्रशातून आला. दुसरा खरा असेल तर तो फार पूर्वीच सैबेरियाच्या जंगलातून आला. एकाच मुलीने एकाच दमात दोन्ही ठासून सांगायचं आहे. टाइप करणाऱ्याला नाही कळलं, समजू शकतो. पाठ करायला देणाऱ्यालाही नाही?

"१९३१ च्या आधी लाल सांता नव्हता"

इथे साधी वजाबाकी पुरते. कोका-कोला हे पेय पहिल्यांदा विकलं गेलं १८८६ साली, अटलांटा शहरात. सांताची चित्रं त्याच्या कितीतरी आधीपासून छापून येत होती, आणि ती कोणी, कुठे, कधी छापली याच्या नोंदी आहेत.

मूळ माणूस चौथ्या शतकातला मायराचा बिशप निकोलस. मायरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं देमरे. त्याच्या अस्थी १०८७ साली इटलीतल्या बारी शहरात नेल्या गेल्या आणि पश्चिम युरोपात त्याचा पंथ वाढला. हॉलंडमध्ये ६ डिसेंबर हा त्याचा सण. तिथला सिंटरक्लास आजही उंच टोपी, हातात दंड आणि खांद्यावर लाल झगा अशाच थाटात येतो. म्हणजे लाल कपड्यातला, भेटवस्तू देणारा, पांढऱ्या दाढीचा म्हातारा ही कल्पना कुठल्या शीतपेयवाल्याची वाट बघत बसलेली नव्हती.

न्यूयॉर्क हे आधी डचांचं गाव. तिथल्या हिस्टॉरिकल सोसायटीसाठी जॉन पिंटार्डने १८१० साली निकोलसचं चित्र छापून घेतलं, त्यात तो अजून पक्का बिशप आहे, डोक्यामागे तेजोवलयासकट. १८२१ साली विल्यम गिली या प्रकाशकाने काढलेल्या मुलांच्या छोट्या पुस्तकात तो घसरगाडीत बसला, आणि गाडीला रेनडिअर होता एकच. २३ डिसेंबर १८२३ ला न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या 'सेंटिनल' या वर्तमानपत्रात एक निनावी कविता आली. (क्लेमंट मूरने पुढे ती आपली म्हणून सांगितली; त्यावर वाद आहे, तो इथे नको.) आजच्या सांताचा निम्मा ऐवज या कवितेतला. डोक्यापासून पायापर्यंत फर, त्यावर राख आणि काजळी, पाठीवर खेळण्यांचं बोचकं, तोंडात आखूड पाइप, हसताना हलणारं पोट, आठ रेनडिअर. बिशपची टोपी गेली, दंड गेला. आणि आकार? कवितेतला सांता बुटका आहे, त्याची गाडी चिमुकली आहे, रेनडिअरही चिमुकले आहेत. कपड्यांचा रंग मात्र कवितेत कुठेही नाही. पुढची चाळीसेक वर्षं तो तपकिरी, हिरवा, निळा, जांभळा, लाल असा हवा तसा रंगवला गेला, कारण रंगवणाऱ्याला अडवणारं काही लिहिलेलंच नव्हतं.

मग टॉमस नास्ट. जर्मनीतल्या लांडाऊचा जन्म, न्यूयॉर्कमध्ये वाढलेला, 'हार्पर्स वीकली'चा व्यंगचित्रकार. ३ जानेवारी १८६३ च्या अंकावर त्याने सांता काढला तो यादवी युद्धातल्या उत्तरेकडच्या सैनिकांना भेटी वाटणारा, अंगात अमेरिकेच्या झेंड्याचे तारे आणि पट्टे. १८६६ च्या नाताळात त्याने सांताचा कारखाना आणि चांगल्या-वाईट वागणुकीची वही काढली आणि त्याला उत्तर ध्रुवाचा पत्ता दिला. १ जानेवारी १८८१ च्या अंकातला ढेरपोट्या, रुंद पट्टा आणि बक्कलवाला, लांब पाइप धरलेला, कवेत खेळणी घेतलेला सांता तर आजही ओळखू येतो. त्या वर्षी कोका-कोला जन्माला यायला पाच वर्षं अवकाश होता.

इथे आपल्याच बाजूच्या लोकांचा कान धरायला हवा. कोकवाल्या मेसेजला उत्तर म्हणून अनेक जण नास्टचं १८८१ चं चित्र लालभडक रंगात पाठवतात. ते रंग नंतर भरलेले आहेत. 'हार्पर्स वीकली'त ही चित्रं काळ्या शाईत छापली जात. पद्धत अशी: बॉक्सवुडच्या आडव्या कापाच्या ठोकळ्यावर चित्रकार उलटं चित्र काढायचा. या झाडाचं खोड बारीक, मोठा ठोकळा मिळतच नाही, म्हणून लहान ठोकळे बोल्टने एकत्र आवळून पानाएवढा ब्लॉक तयार व्हायचा. घाई असली की ठोकळे सुटे करून चार-सहा कोरणाऱ्यांना वाटून द्यायचे आणि मग पुन्हा जोडायचे. जोड नीट बसला नाही की छापलेल्या चित्रात उभी-आडवी बारीक पांढरी रेघ दिसते. मूळ अंकाचं स्कॅन मोठं करून बघितलं तर अशा रेघा अनेकदा सापडतात. तुमच्याकडे आलेल्या चित्रात कोरीव रेघांच्या जाळीवरून सपाट, गुळगुळीत लाल रंग वाहत गेला असेल, तर तो मागाहून दिलेला. ते चित्र 'लाल सांताचा पुरावा' म्हणून टाकू नका. समोरचा जरा जाणकार निघाला तर तुमचं सगळं म्हणणं त्या एका चित्रापायी केरात जाईल.

लाल रंगाचा खरा पुरावा दुसरीकडे आहे आणि तो भरपूर आहे. १८६९ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या मॅक्लॉक्लिन ब्रदर्सनी नास्टच्या चित्रांचं मुलांसाठी रंगीत पुस्तक काढलं, त्यात सांता लाल पोशाखात आहे. १८८० च्या दशकात बॉस्टनच्या लुई प्रँगच्या नाताळ कार्डांवर लाल सांता आहे. 'पक' या रंगीत विनोदी साप्ताहिकाच्या १९०२ च्या मुखपृष्ठावर फ्रँक नॅनकिव्हेलने काढलेला सांता तर लाल कोट, पांढऱ्या फरची किनार अशा पूर्ण साजात आहे. चित्रकार नॉर्मन रॉकवेलचा 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावरचा, खर्चाची वही बघून डोकं खाजवणारा सांता १९२० चा. शीतपेयाच्या जाहिरातीतला लाल सांताही कोकच्या आधीचा: व्हाइट रॉक या कंपनीने १९१५ साली सांताला मिनरल वॉटर विकायला लावलं आणि १९२३ साली रंगीत जाहिरातीत जिंजर एल. आता कोणी म्हणेल की ही सुटी चित्रं झाली, तेव्हाच्या सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे लाल सांता होता कशावरून?

बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर म्हणतात ना, तर हा घ्या बाप. 'न्यूयॉर्क टाइम्स', २७ नोव्हेंबर १९२७. त्या दिवशीच्या बातमीचा विषयच असा की न्यूयॉर्कच्या मुलांना आता एकाच साच्यातला सांता दिसू लागला आहे. उंची, वजन, बांधा जवळजवळ ठरून गेलेले, तसेच लाल कपडे, डोक्यावरचं आवरण आणि पांढरी दाढी-मिशी. खेळण्यांचं बोचकं, लालबुंद गाल आणि नाक, झुपकेदार भुवया आणि गमत्या ढेरपोटा अवतार हेही या सोंगात हवंच, असं तिथे स्पष्ट छापलं आहे. तारीख पुन्हा वाचा. १९२७. ज्या जाहिरातीने म्हणे लाल सांता जन्माला घातला, तिच्या चार वर्षं आधी एक वार्ताहर कुरकुरतोय की सगळे सांता सारखेच लाल झालेत. एवढी एक बातमी हातात असली की बाकीची चित्रं नसती तरी हा मुद्दा तिथेच संपला असता.

या साच्यामागे दुकानं आहेत. १८९० साली मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावी जेम्स एडगर नावाचा दुकानदार स्वतः सांताचा वेश घालून आपल्या दुकानात फिरला. त्याला बघायला लोक आगगाडीने बाहेरगावाहून आले. मग प्रत्येक मोठ्या दुकानाला सांता हवा झाला. १९२४ पासून न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाच्या मिरवणुकीचा शेवट सांताच्या गाडीने होऊ लागला. जिवंत माणसाला सोंग घालायचं म्हटल्यावर दोन गोष्टी आपोआप झाल्या: कवितेतला बुटका सांता पुरुषभर उंच झाला, आणि वेश शिवून विकण्याजोगा, म्हणजे सगळीकडे सारखा झाला.

मग कोकने काय केलं?

केलं, नाही असं नाही. पण आयत्या बिळावर नागोबा, या अर्थाने.

थंडीत थंड पेय कोण पिणार, हे कंपनीचं दुखणं होतं. 'तहानेला ऋतू नसतो' अशा आशयाची त्यांची जाहिरात १९२२ पासूनची. विसाच्या दशकातल्या त्यांच्या पहिल्या नाताळ जाहिरातींतला सांता नास्टच्या वळणाचा, जरा कडक चेहऱ्याचा होता. १९३० साली फ्रेड मिझेन या चित्रकाराने सेंट लुइसच्या फेमस-बार या दुकानातल्या सोडा फाउंटनपाशी गर्दीत उभा राहून कोक पिणारा सांता रंगवला, म्हणजे दुकानात सोंग घेऊन उभा असलेला माणूस. कंपनीने बाजारातला तयार सांता उचलला, याहून वेगळा पुरावा काय हवा?

१९३१ साली डार्सी या जाहिरात संस्थेच्या आर्ची लीने शिकागोचा चित्रकार हॅडन संडब्लॉम याला काम दिलं. दुकानातलं सोंग नको, खराच सांता वाटेल असा माणूस काढ, ही मागणी. संडब्लॉमने १८२३ ची ती कविता समोर ठेवली आणि लू प्रेंटिस या निवृत्त विक्रेत्या मित्राला पुढ्यात बसवलं. मित्र वारल्यावर आरशात स्वतःलाच बघून काढू लागला. टोपी उंचावून, हातात पेला धरलेला त्याचा पहिला सांता त्याच वर्षी 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'मध्ये छापून आला. तिथून १९६४ पर्यंत तोच हात, तोच चेहरा, तोच तैलरंगांचा उबदारपणा, दर नाताळात नवं चित्र, मासिकांत, फलकांवर आणि दुकानातल्या पुठ्ठ्याच्या कटआउटवर. लोक इतके बारकाईने बघत की एका वर्षी सांताच्या बोटात अंगठी नव्हती तर मिसेस क्लॉजचं काय झालं म्हणून पत्रं आली, आणि एकदा पट्टा उलटा काढला गेला तर त्याचीही पत्रं आली.

तेव्हा एवढं मान्य करावं लागतं, थोडं नाखुशीनेच: आज डोळे मिटून सांता आठवला तर जो चेहरा येतो, भुवयांखालून हसणारा, खऱ्या आजोबासारखा, तो बराचसा संडब्लॉमचा आहे. तो तेहतीस वर्षं जगभर नेला तो कोकच्या पैशाने. लाल कोट मात्र त्यांना आयता मिळाला. आणि गंमत म्हणजे हे कंपनी स्वतःच्या इतिहासाच्या पानांवर कबूल करते: संडब्लॉमच्या आधीही सांता लाल कोटात होता, असं तिथे लिहिलेलं आहे. ज्याच्या नावावर ढकलपत्र श्रेय टाकतंय, तो ते घ्यायला तयार नाही.

लालच का?

ढकलपत्राने हा प्रश्न विचारला असता तर त्याला काही किंमत राहिली असती. तपकिरी, निळा, हिरवा हे सगळे उमेदवार असताना लाल का जिंकला? याचं मोठं उत्तर छापखान्यात आहे असं माझं मत.

रंगीत लिथो, म्हणजे आपल्याकडच्या शिळाप्रेसचा रंगीत अवतार. जर्मनीतल्या सोल्नहोफेनच्या चुनखडीच्या गुळगुळीत पाट्या, त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र. पाणी दगडावर राहतं, शाई तेलकट जागेवर. एका रंगाला एक दगड. प्रँगच्या चांगल्या कार्डाला आठ-दहा दगड सहज लागत, कधी त्याच्या दुपटीहून जास्त. प्रत्येक दगडाखालून कागद एकेकदा जायचा आणि दर वेळी खुणेवर खूण बसवावी लागायची. केसभर सरकला की ओठांचा रंग हनुवटीवर. १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्मा प्रेसमधल्या लक्ष्मी-सरस्वती याच तंत्राने छापल्या जात, यंत्रं आणि तंत्रज्ञही जर्मनीचेच. जुन्या घरात एखादी तसबीर उरली असेल तर भिंगाखाली धरा: खडूचे अनियमित कण दिसले तर लिथो, ओळीत उभे असलेले एकसारखे ठिपके दिसले तर नंतरची हाफटोन नक्कल. सांताची 'जुनी' कार्डं ऑनलाइन विकत घेणाऱ्यांनाही हीच परीक्षा उपयोगी पडते.

दहा दगडांचा खर्च प्रत्येकाला परवडायचा नाही. स्वस्त काम दोन रंगांत व्हायचं, काळा आणि आणखी एक. 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'सारखं प्रचंड खपाचं साप्ताहिकसुद्धा १९२६ पर्यंत मुखपृष्ठं काळ्या-लाल दोन शायांत छापत होतं. रॉकवेलचा १९२० चा सांता तसाच छापलेला. आता काळ्याच्या जोडीला हिरवा घेऊन सांता छापून बघा. कोट छान येईल, पण चेहऱ्याचं काय? एकच जादा रंग असेल तर गालही त्याच शाईच्या हलक्या छटेत काढावे लागतात. हिरव्या गालांचा म्हातारा भेट नाही देणार, पोरांना रडवेल. निळ्याचंही तेच. लाल घेतला तर कोट दाट लाल, गाल आणि नाक त्याच लालाची फिकी छटा, बूट आणि पट्टा काळा, आणि दाढी, फर, बर्फ यांसाठी कागद कोरा सोडायचा, शाईचा खर्च शून्य. दोन शायांत अख्खा सांता! फरच्या पांढऱ्या किनारीचं आणि लाल कोटाचं जमलेलं जोडपं ब्रँडच्या रंगांतून आलं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा.

"मुळात तो हिरवा होता"

अर्धं खरं. इंग्लंडमधला फादर ख्रिसमस हा वेगळा गडी. मेजवानी, दारू आणि मोठ्या माणसांची मौजमजा हे त्याचं खातं, मुलांना खेळणी वाटणं नव्हे. त्याची हिरव्या झग्यातली चित्रं आहेत. डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'मध्ये (१९ डिसेंबर १८४३) वर्तमान नाताळचं जे भूत येतं, त्याचा झगा हिरवा आणि किनार पांढऱ्या फरची असल्याचं लेखकानेच लिहिलंय आणि जॉन लीचच्या, हाताने रंगवलेल्या चित्रात ते तसंच दिसतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन सांता इंग्लंडात पोचला आणि दोघे एकमेकांत मिसळले. म्हणून हिरवाही होता हे बरोबर. हिरवाच होता आणि कोकने तो पुसला, हे चूक. पुढे जाऊ.

"सैबेरियाची लाल अळंबी"

हा या उताऱ्यातला सगळ्यात बाष्कळ भाग. बादरायण संबंध म्हणावं तर बादरायणालाही लाज वाटेल. दावा असा: सैबेरियाचे शामान लाल-पांढरे कपडे घालून लाल टोपीची, पांढऱ्या ठिपक्यांची अळंबी गोळा करत, बर्फामुळे दार बंद म्हणून धुराड्यातून घरात शिरत आणि ती वाटत, रेनडिअरही ती खात, म्हणून ते उडताना दिसत.

यातलं खरं किती? अमानिटा मस्कारिया ही अळंबी आहे. ती बर्च आणि पाइनच्या मुळांशी उगवते. रशियाच्या अतिपूर्वेकडच्या कामचाटकाच्या बाजूचे कोर्याक लोक ती नशेसाठी खात याची अठराव्या शतकापासूनची प्रवाशांची वर्णनं आहेत. रेनडिअर ती खातात हेही खरं. संपलं.

आता धुराडं. कोर्याकांत दोन प्रकारचे लोक. समुद्रकाठचे, मासे आणि सील मारून जगणारे, हे हिवाळ्यात जमिनीत अर्ध्या गाडलेल्या घरात राहत; त्या घरांत छताच्या भोकातून, खाचा पाडलेल्या ओंडक्यावरून उतरावं लागे. घरातलं प्रत्येक माणूस, पोरंबाळं, म्हाताऱ्या, पाहुणा, सगळे तिथूनच ये-जा करत. त्यात शामानाचं काही विशेष नाही. या काठच्या लोकांच्या गाड्या कुत्रे ओढत. रेनडिअरचे कळप होते ते दुसऱ्या, फिरत्या कोर्याकांकडे, आणि ते कातड्याच्या तंबूत राहत. तंबूला दार असतं. म्हणजे छताचं भोक एकाकडे आणि रेनडिअर दुसऱ्याकडे. या सिद्धांताने दोन वेगळ्या बिऱ्हाडांतलं सामान एका पोत्यात कोंबलंय.

कपड्यांचंही तसंच. सैबेरियन शामानाचा अंगरखा कातड्याचा, झालरींचा, लोखंडी लोलक आणि घुंगरं लटकवलेला. ब्रिस्टल विद्यापीठातले इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी या विषयावर आयुष्य घालवलंय. त्यांनी स्वच्छ सांगितलंय: शामान घसरगाडीतून फिरत नसत, ही अळंबी क्वचितच घेत, आणि त्यांचे कपडे लाल-पांढरे नसत.

शिवाय लाल रंग या गोष्टीत उशिरा येतो. अळंबी हे मूळ असेल तर लाल रंग सुरुवातीलाच असायला हवा. १८२३ च्या कवितेत रंगच नाही. तो पक्का होतो पुढच्या साठ-सत्तर वर्षांत, न्यूयॉर्क आणि बॉस्टनच्या छापखान्यांत. आणि धुराड्याचं म्हणाल तर यान स्टेन या डच चित्रकाराच्या १६६० च्या दशकातल्या, सेंट निकोलसच्या सणाच्या चित्रात मोठा भाऊ धाकट्याला वर धुराड्याकडे बोट दाखवतोय. चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. डच मुलं चुलीपाशी जोडा ठेवत आणि भेट वरून पडते असं मानत. त्यासाठी कामचाटकाला जायची गरज नाही.

(हीच अळंबी ऋग्वेदातला सोम होय, असं गॉर्डन वॉसन या पेशाने बँकर असलेल्या अमेरिकन माणसाने १९६८ साली पुस्तक लिहून मांडलं होतं. काही लोकांना जिकडे तिकडे तीच दिसते.)

आणि हे मुलांसमोर म्हणू नये याचं आणखी एक कारण. उताऱ्यात एक वाक्य आहे की शामान ती 'वाळवून निर्विष करत'. वाळवल्याने ती निर्विष होत नाही. तिच्यातल्या आयबोटेनिक आम्लाचं वाळताना मस्किमॉल होतं आणि मेंदूवर जास्त जोराने काम करतं ते मस्किमॉलच. नशेचं द्रव्य तयार करण्याची ही कृती आहे, निर्विष करण्याची नव्हे. पाचवीतल्या मुलीच्या तोंडी हे वाक्य घालणाऱ्याने एकदा शांतपणे विचार करावा.

"आठ पाय, आठ रेनडिअर"

ओडिनच्या स्लाइपनिर घोड्याला आठ पाय आहेत, कबूल. कवितेत रेनडिअर आठ आहेत, तेही कबूल. पण रेनडिअर पहिल्यांदा छापून आला १८२१ साली आणि तेव्हा तो एकटा होता, चार पायांचा. दोन वर्षांनी एका कवीने आठ केले आणि छंदात बसतील अशी नावं दिली. घोड्याच्या पायांपासून रेनडिअरच्या संख्येपर्यंत पोचायचं तर मधला हा एकटा रेनडिअर कुठे लपवणार?

कंपनीने धंद्यासाठी घडवलेलं काही दाखवायचंच असेल तर नववा रेनडिअर, लाल नाकाचा रुडॉल्फ घ्या. शिकागोची माँटगोमेरी वॉर्ड ही दुकानांची साखळी नाताळात मुलांना वाटायला रंगवायची पुस्तकं बाहेरून विकत घ्यायची. तो खर्च वाचवायला १९३९ साली त्यांनी आपल्याच जाहिरात विभागातल्या रॉबर्ट मे याला गोष्ट लिहायला सांगितलं. त्या एका वर्षात पुस्तिकेच्या चोवीस लाख प्रती फुकट वाटल्या गेल्या. भाचीच्या भाषणात कोकच्या जागी हे घातलंय. वेळ तेवढाच लागतो.